परसांतील आगंतुक

ज्यांच्या घरामागें चार हात मोकळी जमीन आहे, अशा वाचकांस मृगाचा पहिला पाऊस पडून गेल्यावर आठव्या दिवशीं जें दृश्य दिसतें, तें वर्णन करून सांगण्याची आवश्यकता नाहीं. आपण पेरलेली भेंडी अजून मातीखालीं आळस देत असते, आणि कोणीं न पेरलेलीं नाना तऱ्हेचीं गवतें वाफ्यांत हिरवीगार डोलत असतात. मग घरांत चर्चा सुरू होते. कोणी म्हणतो मजूर लावा. कोणी म्हणतो औषध मारा. आणि कोणी म्हणतो, यंदां भाजी बाजारांतूनच आणा. शाळाखात्यांतून निवृत्त झालेले आम्ही गेलीं आठ वर्षें कृष्णाकांठच्या आमच्या वडिलार्जित वीस गुंठ्यांत खुरपें चालवीत आहों. त्या अनुभवांतून या विषयावर चार गोष्टी सांगाव्या, असें मनांत आहे. त्यांतील पहिली गोष्ट आमच्या फजितीची आहे. ती आधींच सांगून टाकणें बरें.

निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यांत आमच्या बांधावर गाजरगवत कमरेइतकें माजलें. हात लावला कीं अंगास खाज सुटे. म्हणून आम्हीं बाजारांतून २,४-डी या जातीचें तणनाशक आणलें, आणि पाठीवरच्या पंपानें, दुपारीं तीन वाजतां, वारा वाहत असतां, तें बांधावर फवारलें. डब्यावरील सूचना वाचण्याइतका धीर आम्हांस नव्हता. जन्मभर मुलांना 'प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा' असें बजावणाऱ्या माणसाची ही गोष्ट! चार दिवसांत गाजरगवत माना टाकूं लागलें आणि आम्ही समाधान पावलों. परंतु आठवड्याच्या आंत, बांधापासून वीस-पंचवीस पावलांवर आमच्या धाकट्या बंधूंच्या पत्नीनें लावलेल्या टोमॅटोच्या वाफ्यांत विपरीत प्रकार दिसूं लागला. शेंडे मुरडले, पानें सुरळीसारखीं वळलीं, देठ पिळवटले. आमच्या एका माजी विद्यार्थ्यानें कृषिशास्त्राचें शिक्षण घेतलें आहे. त्यानें पाहतांक्षणींच निदान केलें. हें औषध रुंद पानांच्या वनस्पतींच्या अंगीं वाढीचें जें रसायन असतें त्याची नक्कल करतें. त्यामुळें वाढ बेताल होऊन वनस्पति मरते. त्याचे सूक्ष्म थेंब वाऱ्यावर दूर जातात, आणि टोमॅटो, कापूस, द्राक्ष हीं पिकें त्यास फार लवकर बळी पडतात.

भावजयीनें आम्हांस एक शब्दही बोलून दाखविला नाहीं. दीड महिना पाणी घालून वाढविलेलीं साठ रोपें तिनें स्वतःच्या हातांनीं उपटलीं. आमच्या मातोश्री त्या वेळीं पंचाऐंशी वर्षांच्या होत्या. ओटीवर बसून त्या हें पाहत होत्या. एवढेंच म्हणाल्या, "बाळ, तुझ्या आजोबांच्या वेळीं गवत नव्हतं का रे?"

या प्रश्नाचें उत्तर शोधण्यांत आमचीं पुढील सहा वर्षें गेलीं.

गवत येतें कोठून?

उत्तराचा पहिला भाग आम्हांस जमिनीनेंच शिकविला. जमिनीस उघडें राहणें मानवत नाहीं. ऊन, वारा आणि पावसाचा मार यांपासून वांचण्याकरितां ती मिळेल तें वस्त्र पांघरते, आणि त्या वस्त्रासच आपण तण म्हणतों. त्या वस्त्राचें सूत तिच्यापाशीं पिढ्यान् पिढ्या पुरेल इतकें सांठविलेलें असतें. अमेरिकेंत मिशिगन येथील कृषि महाविद्यालयाचे विल्यम बील या प्राध्यापकांनीं सन १८७९ मध्यें तणांचें बी वाळूंत मिसळून वीस बाटल्यांत भरलें, आणि त्या बाटल्या जमिनींत पुरून ठेविल्या. कांहीं वर्षांच्या अंतरानें एकेक बाटली काढावी आणि बी उगवतें किंवा नाहीं तें पाहावें, असा हा प्रयोग. प्रयोगकर्ते कालवश झाले, त्यांच्यामागून दुसरे आले, तेही गेले; परंतु सन २०२१ मध्यें काढलेल्या बाटलींतीलही कांहीं बी उगवलें. सुमारें एकशें बेचाळीस वर्षें मातीखालीं निजलेलें बी पाणी व उजेड मिळतांच जागें झालें! मग एका उन्हाळ्यांत आपण परस 'कायमचा स्वच्छ' करूं म्हणणें किती पोकळ आहे, तें वाचकांनींच ठरवावें.

येथें उजेड हा शब्द महत्त्वाचा आहे. बारीक बियांच्या पुष्कळ तणांस उगवण्याकरितां प्रकाशाची खूण मिळावी लागते. खोल मातींत तें बी निजून राहतें. आपण कुदळीनें माती उलथी केली कीं तें वर येतें, क्षणभर उजेड पाहतें आणि उगवूं लागतें. म्हणजे जितकी वारंवार खोल उकराउकर, तितकें नवें गवत. उभ्या पिकांत खुरपें दोन बोटांहून खोल घालूं नये, असा आमच्या वडिलांचा नियम होता. लहानपणीं आम्हांस तो आळसाचा वाटे.

वेळ

खुरपणीस येणाऱ्या बायांमध्यें एक वृद्ध बाई होत्या. पहिल्या वर्षीं वाफे गच्च हिरवे झाल्यावर आम्हीं त्यांना निरोप धाडला. त्या बांधावर उभ्या राहून हंसल्या आणि म्हणाल्या, "गुर्जी, गवात डोळ्याला दिसाय लागलं मंजी उशीर झाला." आम्हीं जेवढे ग्रंथ उलटले, त्या सर्वांचें सार या एका वाक्यांत होतें. 'कृषिपराशर' या जुन्या संस्कृत ग्रंथांत भाताच्या निंदणीचा स्वतंत्र विचार केलेला आहे. पीक चांगलें आलें तरी तें तृणरहित केलें नाहीं तर पुरें फळ देत नाहीं, असें ग्रंथकार बजावतो, आणि निंदणी केव्हां करावी तेंही सांगतो. आजचें कृषिशास्त्र तीच गोष्ट दिवस मोजून सांगतें. बहुतेक हंगामी पिकांस पेरणीनंतरचे पहिले तीस ते पंचेचाळीस दिवस निर्णायक असतात. तेवढ्या अवधींत पीक मोकळें राहिलें तर पुढें तें स्वतःच्या सावलीनें गवतास दाबतें; त्या अवधींत मार खाल्ला तर मागाहून कितीही खुरपा, नुकसान भरून निघत नाहीं. हळदीसारखें संथ पीक असेल तर मात्र तीन-चार महिने लक्ष ठेवावें लागतें.

म्हणून पेरणीपासून पंधरा-वीस दिवसांनीं पहिली आणि तीस-पस्तीस दिवसांनीं दुसरी, अशा दोन खुरपण्या आम्ही चुकवीत नाहीं. वाफसा आल्यावर, उघाडीच्या दिवशीं, सकाळींच काम उरकावें. म्हणजे उपटलेलें गवत दुपारच्या उन्हांत सुकून जातें. चिखलांत खुरपलें तर तें तेथेंच पुन्हां मूळ धरतें. याखेरीज आमच्या घरीं एक नेम आहे. सकाळच्या चहानंतर अर्धा तास, ज्यास जो वाफा नेमून दिला आहे, त्यानें त्यांतून फेरी मारावयाची. कोंब पांढऱ्या दोऱ्यासारखा असतांना बोटानें माती हलविली तरी तो मरतो. त्या अवस्थेंत जें काम नातवंडें खेळतां खेळतां करतात, तेंच तीन आठवड्यांनीं करावयास चार मजूर लागतात.

पेरणीपूर्वीं तणास फसविण्याचीही एक युक्ति आहे. वाफा तयार करून त्यास पाणी द्यावें आणि दहा-पंधरा दिवस कांहींच पेरूं नये. वरच्या थरांतील बी उगवून येतें. मग तें अगदीं उथळ खुरप्यानें खरवडून टाकावें, आणि माती न उलथतां त्याच जागीं पेरणी करावी. निम्मा शत्रु युद्धापूर्वींच कामास येतो. उन्हाळ्यांत वाफा रिकामा असेल तर त्याहूनही प्रभावी उपाय म्हणजे ओल्या जमिनीवर पारदर्शक प्लास्टिकचा कागद ताणून, चारी कडा मातीनें बुजवून, चैत्र-वैशाखाच्या कडक उन्हांत चार ते सहा आठवडे तसाच ठेवणें. कागदाखालीं माती इतकी तापते कीं वरच्या दोन-तीन इंचांतील पुष्कळसें बी निकामी होतें. ही पद्धति इस्राएलांतील संशोधकांनीं सन १९७६ मध्यें प्रसिद्ध केली. कागद मात्र पारदर्शक पाहिजे; काळ्या कागदाखालीं जमीन तितकी तापत नाहीं. काम झाल्यावर तो घडी करून ठेवावा, फाटका कागद मातींत राहूं देऊं नये.

पांघरूण

जमिनीस वस्त्र हवेंच असेल, तर तें आपल्या पसंतीचें कां देऊं नये? या एका विचारानें आमचें अर्धें काम हलकें केलें. पहिली खुरपणी झाली कीं ओल्या मातीवर आम्ही वाळका पालापाचोळा, उसाचें पाचट किंवा भाताचा पेंढा चार बोटें जाड पसरतों. खालीं उजेड पोंचत नाहीं, म्हणून नवें बी उगवत नाहीं. ओल टिकते, आणि वर्षाअखेर तेंच कुजून खत होतें. जपानांतील मासानोबू फुकुओका यांनीं शेतांत पेंढा पसरण्यावर आपली सर्व शेती उभारली. त्यांच्या १९७५ च्या पुस्तकाचें मराठी भाषांतर 'एका काडातून क्रांती' या नांवानें प्रसिद्ध आहे. त्यांची नांगरणीच न करण्याची प्रतिज्ञा आम्हांस पेलणारी नाहीं. परंतु पेंढ्याविषयींचा त्यांचा आग्रह अनुभवास उतरतो.

येथें तीन सावधगिरीच्या सूचना आहेत. पसरलेलें आच्छादन रोपाच्या बुंध्यापासून दोन-तीन बोटें दूर असावें, नाहीं तर बुंधा कुजतो. बी धरलेलें वाळकें गवत आच्छादन म्हणून कधीं घालूं नये. आम्हीं एकदां तसें केलें आणि पुढील वर्षीं स्वहस्तें पेरल्यासारखें गवत उगवलें. अतिवृष्टींत आच्छादनाखालीं गोगलगायी आश्रय घेतात व कोरड्या दिवसांत वाळवी लागते, म्हणून तें अधूनमधून उचलून पाहावें.

ज्या वाफ्यांत त्या हंगामांत कांहीं लावावयाचें नसेल, तेथें जिवंत पांघरूण घालावें. ताग दाट फेंकला, गुंठ्यास अर्ध्या किलोहून थोडा अधिक, तर तो इतक्या वेगानें वाढतो कीं गवतास डोकें वर काढतां येत नाहीं. आणि दीड महिन्यानें, फुलावर येतांच, मातींत गाडला कीं उत्तम खत होतो. मक्याच्या दोन ओळींमध्यें चवळी पसरूं दिली तर तीच पांघरूण होते आणि शेंगाही देते. पाणी देतांना सबंध वाफा भिजवूं नये. ठिबकानें रोपाच्या मुळाशींच पाणी दिलें म्हणजे मधली जमीन कोरडी राहते व गवतास निमंत्रण मिळत नाहीं. शेणखतही पूर्ण कुजलेलेंच वापरावें. गुरांच्या पोटांतून गेलेलें पुष्कळ बी जिवंतच असतें. तें मरतें उकिरड्याच्या उष्णतेनें, पोटांतील नव्हे.

ओळख

आतां मुख्य गोष्ट. 'तण' या एका नांवाखालीं आपण ज्यांना गोळा करतों, त्यांचे स्वभाव माणसांइतकेच भिन्न आहेत, आणि एकास जो उपाय तोच दुसऱ्यास पोषक ठरतो.

हरळी घ्या. हीच आपली दूर्वा. ती कांडाकांडांतून फुटते, असें जें वेदमंत्रांत म्हटलें आहे, तें वनस्पतिशास्त्रदृष्ट्या अक्षरशः खरें आहे. प्रत्येक पेरापाशीं नवें मूळ व नवा कोंब. म्हणून ओल्या जमिनींत ती कुदळीनें तोडणें म्हणजे तिची लागवड करणें होय. वैशाखांत कोरडी जमीन खोल खणावी, काशा हातानें वेंचाव्या आणि उन्हांत पुऱ्या वाळवाव्या. पुढील पावसाळ्यांत त्या जागीं दाट सावलीचें पीक घ्यावें, कारण हरळीस सावली सोसत नाहीं.

लव्हाळा याहून कठीण. जमिनींत त्याच्या काळ्या गांठींची माळ असते. माळ अखंड असते तोंवर बहुतेक गांठी निजलेल्या असतात. खुरप्यानें माळ तुटली कीं प्रत्येक गांठ स्वतंत्रपणें फुटते. प्लास्टिकचा कागदही त्याचा टोकदार कोंब भेदून वर येतो. त्याचा शेंडा दिसतांच खुडावा, पुन्हां फुटतांच पुन्हां खुडावा, म्हणजे गांठींतील सांठा हळूहळू संपतो. आणि उन्हाळ्यांत गांठी वर काढून कडक वाळवाव्या. यास दोन-तीन वर्षांचा धीर लागतो. हीच आयुर्वेदांतील मुस्ता. रानडुकरें ती उकरून खातात, याचा उल्लेख शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकांत आला आहे. वर्गांत तो अंक शिकवितांना मुस्ता म्हणजे एक सुगंधी गवत, एवढाच अर्थ आम्हीं वर्षानुवर्षें सांगितला. तें आपल्याच परसांत आहे, हें आम्हांस साठाव्या वर्षीं कळलें.

गाजरगवताचा इतिहास आपल्या पुण्याशीं निगडित आहे. आपल्या देशांत त्याचा प्रसार लोकांच्या लक्षांत आला तो सन १९५५ च्या सुमारास पुण्यांत. एक झाड हजारो बिया टाकतें, म्हणून फुलण्यापूर्वीं, हातमोजे घालून, पावसानंतर जमीन मऊ असतांना तें मुळासकट उपटावें. फुलापूर्वीं उपटलेलें कंपोस्टाच्या खड्ड्यांत चालतें. मेक्सिकोंतून आणलेले एक जातीचे भुंगेरे सन १९८४ मध्यें बंगळुरांत सोडण्यांत आले; ते पावसाळ्यांत याचीं पानें खाऊन फस्त करतात. आमच्या बांधावर आम्हीं टाकळ्याचें बी फेंकलें. दोन पावसाळ्यांत टाकळ्यानें गाजरगवतास जागाच उरूं दिली नाहीं, आणि कोंवळ्या टाकळ्याची भाजी घरास झाली. ज्या बांधावर आम्हीं विष फवारलें, त्याच बांधावर एका रानभाजीनें तें काम फुकट केलें, हें लिहितांना आम्हांस थोडी लाज वाटते.

केना उपटून बांधावर टाकला तर ओल लागतांच पेरापेरांतून मुळें सोडतो. त्याचीं कांहीं फुलें तर मातीखालींच येतात व तेथेंच बी धरतात. तो दगडावर वाळवावा, किंवा त्याच्या पानांचीं भजीं करावीं. घोळ तशीच चिवट. उपटल्यावरही तिचें बी पिकतें. तिचा उत्तम बंदोबस्त कढईंत होतो. माठ, तांदुळजा, कुर्डू, आंबोशी यांचेंही तसेंच. भाद्रपदांत ऋषिपंचमीस बैलांच्या श्रमाचें न खाण्याचा जो नेम घरोघरीं बायका पाळतात, त्याचा धार्मिक अर्थ कांहीं असो. न पेरलेल्या भाज्या ओळखण्याची परीक्षा त्यांत वर्षांतून एकदां होत असे, हें खरें. न ओळखलेली वनस्पति मात्र कोणीं पुस्तकावरून किंवा तर्कानें खाऊं नये. आणि फवारलेल्या जागेची कोणतीच भाजी खाऊं नये.

मर्यादा

हें सर्व वीस गुंठ्यांचें शास्त्र आहे, याची आम्हांस जाणीव आहे. दहा एकर सोयाबीन करणाऱ्या आणि ऐन वेळीं मजूर न मिळणाऱ्या शेतकऱ्यानें तणनाशक वापरलें तर त्यास नांवें ठेवण्याचा अधिकार निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या आम्हांस नाहीं. ग्लायफोसेट या सुप्रसिद्ध तणनाशकास जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें सन २०१५ मध्यें 'बहुधा कर्करोगकारक' या वर्गांत घातलें. कित्येक देशांच्या नियामक संस्थांनीं तें मत मान्य केलें नाहीं. आणि आपल्या केंद्र सरकारनें सन २०२२ मध्यें त्याच्या वापरावर निर्बंध घातला. त्या वादांत आम्ही पडत नाहीं. परंतु ज्या चार वाफ्यांत घरचीं मुलें अनवाणी धांवतात आणि जेथील कोथिंबीर सरळ पानांत येते, तेथें अर्ध्या तासाच्या कष्टाऐवजीं विष आणण्याचें कारण काय? मिठाचाही उपाय कोणी सुचवितात. मिठानें गवत मरतें, पण त्याबरोबर मातीही. फरशीच्या फटींतील गवतास मात्र उकळतें पाणी ओतावें, तेवढें पुरतें.

मातोश्रींच्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस असें सांपडलें: आजोबांच्या वेळीं गवत होतेंच, पण तें दिसण्यापूर्वीं हात पोंचत असत, आणि ज्यापर्यंत हात पोंचत, त्याचें नांव त्या हातांस ठाऊक असे. हें उत्तर आम्हीं त्यांना सांगितलें तेव्हां त्यांनीं काठी मागितली. त्या पावसाळ्यांत रोज सकाळीं त्या वाफ्यांतून सावकाश फिरत, काठीच्या टोंकानें एकेक रोप दाखवून नांव सांगत, आणि आमची नात तें वहींत उतरून घेई. त्रेसष्ट नांवें झालीं. पुढील माघांत मातोश्री गेल्या.

त्या वहींतील अकरा नांवांचीं रोपें आम्हांस अद्यापि ओळखतां आलेलीं नाहींत. नात लिहून घेत होती तेव्हां आम्ही ओटीवर वर्तमानपत्र वाचीत बसलों होतों. जवळ जाऊन पाहिलें नाहीं. शास्त्रीय नांवें पुस्तकांत मिळतात, पण आमच्या आळींत कोणत्या रोपास काय म्हणत, तें सांगणारें आतां घरांत कोणी नाहीं. म्हणून वाचकांस एक विनंति आहे. घरांत कोणी वृद्ध असतील तर येत्या श्रावणांत उघाडीच्या एखाद्या सकाळीं त्यांना हाताला धरून परसांत न्यावें, वही मुलांच्या हातीं द्यावी, आणि स्वतः वांकून पाहावें.

भावजयीचा टोमॅटोचा वाफा यंदांही चांगला आला आहे. त्याची खुरपणी गेलीं सहा वर्षें आमच्याकडे आहे. ती तिनें नेमून दिलेली नाहीं, आम्हीं मागून घेतलेली आहे.